सगुण पेंटरचं तोंड

डिचोलीच्या बाजारात माझं फ्रेमचं दुकान आणि त्याला लागून सगुण पेंटरची खोली. त्याने मेलेली माणसं रंगवायची आणि मी त्यांना काच बसवायची, असा आमचा धंदा पंधरा वर्षं चालला. बाराव्याच्या दिवशी तसबीर तयार हवी, म्हणून लोक सुतकातच यायचे. गोवा राज्य झालं त्या वर्षी सगुणला सरकारी पाट्यांवरचं 'दमण आणि दीव' पुसायचं कामही मिळालं, पण पाट्यांत त्याचा जीव नव्हता. तो तोंडं काढणारा माणूस.

मेलेल्याचा फोटो नसला, आणि आमच्याकडच्या अर्ध्या म्हाताऱ्यांचा नसायचाच, तर सगुण घरातलं चेहऱ्याने मिळतंजुळतं माणूस बोलवायचा. मुलगा, भाऊ, नाहीतर मुलगी. त्याला स्टुलावर बसवून कागदावर वय चढवायचं, मिशी लावायची, डोक्यावर टोपी घालायची. धारगळच्या एका बाईने तर तयार तसबिरीतल्या नवऱ्याशी दुकानातच भांडण काढलं होतं. सगुणला ती दाद पुरून उरली. पुढे महिनाभर तो आमच्याशी साहेबासारखा बोलत होता.

त्याचा एकुलता एक मुलगा योगेश एकोणीस वर्षांचा होता. डिट्टो बाप. पण त्याचं चित्र घरात नव्हतं आणि फोटोही नव्हता. त्याच्या आईने, पद्मावतीवहिनींनी, पोराला कधी बापासमोर बसू दिलं नाही. ज्या हाताने मेलेले काढता त्या हाताने माझं पोर काढू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. सगुणचं आडमुठेपण वेगळं. घरात चितारी असताना पैसे मोजून स्टुडिओत जायचं म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं वाटायचं. शाळेच्या ग्रुप फोटोत योगेश होता, पण नेमकी मान वळवून कुणाशी तरी बोलत होता.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत मयेच्या वळणावर खाणीच्या ट्रकने त्याची सायकल उडवली. तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं. वहिनींना बघू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सगुणने खोली उघडली. दाढी वाढलेली, डोळे कोरडे. तो स्मशानातही रडला नव्हता. वहिनींचे भाऊ भिकाजी चारचौघांत म्हणाले की हा माणूस आहे की दगड. खोटं कशाला सांगू, मलाही त्याचा राग आला होता. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

मग मी पाहिलं की त्याने घरचा आरसा आणून खिळ्याला टांगलाय आणि समोर बसून तो स्वतःचंच तोंड काढतोय. पहिल्यांदा वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. मग लक्षात आलं. योगेशशी मिळतं तोंड एकच होतं, आणि ते त्याच्याच मानेवर होतं. बाराव्याला बायकोच्या हातात पोराचं तोंड द्यायचं, म्हणून तो स्वतःच्या तोंडावरून वय उतरवत होता. पण पंधरा वर्षं वय चढवायची सवय झालेला हात. सुरकुती पुसली की चित्रातली नजर हरवायची, गाल भरले की कुणीतरी तिसराच बसलेला दिसायचा. रोज चार-पाच कागद फुकट जात होते.

आठव्या-नवव्या दिवसापासून त्याने वय उतरवणं सोडून दिलं. आता कागदावर नुसता सगुण. पांढरी दाढी, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं जसंच्या तसं. मी विचारलं, अरे, हे कशाला? तो आरशातून नजर न काढता म्हणाला, "माका रडाक येयना, गोपाळ. म्हणान तोंड बघतंय. खंय तरी दिसता काय."

मी कागद चाळले. कुठेच काही दिसत नव्हतं. बसची वाट बघणाऱ्या माणसाचं तोंड असावं, तसं प्रत्येक तोंड. माझा राग गेला आणि मला त्याची भीती वाटायला लागली.

अकराव्या दिवशी त्याने त्यातलाच एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि फ्रेम करायला सांगितलं. मी म्हटलं, हा तू आहेस. तो म्हणाला, याच्यापुढे हात जात नाही. मी काच कापली.

बाराव्याला तसबीर पाटावर ठेवली तशी कुजबुज सुरू झाली. भिकाजी पुढे झाले. जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालायचा म्हणजे त्याचं मरण मागायचं, ही उचला इथून, असं म्हणाले. ते चुकीचं बोलत नव्हते. सगुण खांबाला टेकून उभा होता, जणू भलत्याच्याच घरी आलाय. तेवढ्यात वहिनी आतून आल्या. तसबिरीसमोर बसल्या, मग वळून सगुणकडे बघितलं. पुन्हा तसबिरीकडे.

"योगेश म्हातारो झालो असतो तर असोच दिसलो असतो," त्या म्हणाल्या.

भिकाजी मागे सरले. वहिनींनी हार उचलून बाजूला ठेवला, तसबिरीसमोर नुसता दिवा लावला आणि मोठ्याने रडायला लागल्या. मीही रडलो. सगुण तेव्हाही रडला नाही.

त्याने पुन्हा स्वतःचं तोंड काढलं नाही. लोकांचं काम चालूच राहिलं. महिन्याभराने एका दुपारी मी काही विचारायला त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो जेवायला बसला होता. वहिनी वाढून झाल्यावर समोरच बसल्या होत्या, हनुवटीला हात लावून, त्याच्या तोंडाकडे एकटक बघत. मी दारात उभा आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. सगुणला मात्र मी दिसलो. त्याने मला नजरेनेच थांबायला सांगितलं आणि मान जराही न हलवता, तोंड न वळवता, तो शक्य तितकं सावकाश जेवत राहिला.