दोन दारांत उभे राहिलेले जनरल

एडिनबरामध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. हॉस्पिटलमधून घरी सोडलेल्या वयस्कर माणसांकडे जायचं आणि त्यांना पुन्हा चालतं करायचं, हे माझं काम. नागपूरहून इथे येऊन नऊ वर्षं झाली. त्यातल्या एका हिवाळ्यात मला एक पेशंट भेटले, त्यांच्यामुळे मी आज या नोकरीत मान वर करून उभी आहे.

फाइलमध्ये एवढंच होतं: वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन, एकटे राहतात. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. काही दिवसांसाठी ती इंग्लंडहून आली होती. पॅसेजमध्येच हळू आवाजात म्हणाली, "बाबा आर्मीत जनरल होते. वाळवंटातल्या युद्धात त्यांच्या हाताखाली अख्खी डिव्हिजन होती, हजारो माणसं. त्यांना ऑर्डर द्यायची सवय आहे, घ्यायची नाही. जरा सांभाळून घ्या."

मी बिचकतच आत गेले आणि "गुड मॉर्निंग, सर" म्हणाले.

"सर नको," ते खुर्चीतून म्हणाले. "या खोलीत ऑर्डर तुम्ही देणार. बोला, उठू?"

उठले. चार पावलं टाकली, चेहरा पांढराफटक पडला, पण तोंडातून हूं की चूं नाही.

मग मी आठवड्यातून दोनदा जायला लागले. ते चालण्यासाठीची फ्रेम धरून पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायचे आणि दुखण्यावरून लक्ष उडावं म्हणून मी काहीबाही विचारत राहायचे. असं पावला-पावलानं त्यांचं आयुष्य मला कळत गेलं. वडील छोट्या गावातले शाळामास्तर. हे अठराव्या वर्षी भरती झाले, एका परीक्षेत नापासही झाले, आणि पुढची कितीतरी वर्षं थंडगार छावण्यांमध्ये बुटांचे आणि ब्लँकेटांचे हिशेब ठेवण्यात गेली.

एकदा मी विचारलं, "युद्धात जनरल नेमकं करतो काय?"

"झोपतो," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"खरंच. दमलेला जनरल माणसं मारतो, तीही आपलीच. मी रोज दुपारी दोन तास झोपायचो. उरलेला वेळ पाणी, डिझेल आणि लोकांचं ऐकून घेणं." मीटिंगमध्ये ते सगळ्यात ज्युनिअर ऑफिसरला आधी बोलायला लावायचे. कारण जनरल एकदा बोलला की बाकीच्यांना मतंच उरत नाहीत.

मी त्यांना माझ्या पणजोबांबद्दल सांगितलं. ते इंग्रजांच्या पलटणीत साधे शिपाई होते. गावात ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं करत नव्हते, त्यांना पलटणीत पाटी मिळाली. आमच्या घरात पहिलं अक्षर तिथून आलं. जनरलसाहेब चालता चालता थांबले. "तुमच्या पणजोबांकडून काम करून घेणाऱ्या ऑफिसरला हे ठाऊक असेल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बहुतेक नसेल. "ठाऊक असायला हवं होतं," ते म्हणाले, आणि पुढचं पाऊल टाकलं.

त्याच सुमारास मला टीम लीड केलं होतं. सात जणांचा रोटा, म्हणजे कोणी कोणाकडे कधी जायचं याचं वेळापत्रक, मी लावायचे. एका शुक्रवारी रोटा बदलताना माझ्या हातून एका आजींची व्हिजिट गळली. कोणी येईना म्हणून त्या एकट्याच उठायला गेल्या, पडल्या आणि मनगट मोडलं. मॅनेजर म्हणाले, "रिपोर्टमध्ये 'शेड्युलिंगमधली त्रुटी' असं लिहू. सिस्टिम नवीन आहे, कोणी तुझं नाव घेणार नाही." मी हो म्हणाले. सुटल्यासारखं वाटलं.

सोमवारी जनरलसाहेबांकडे गेले तर पावलं मोजताना मी तीनदा चुकले. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काय झालंय ते सांगा. मगच पुढे चालेन."

मी सांगितलं. त्यांनी फ्रेम बाजूला सारली. मग बोलले.

डिव्हिजन मिळण्याच्या काही वर्षं आधी ते ब्रिगेडियर होते. एका युद्धसरावात, संध्याकाळी, त्यांनी नकाशावरची एक रेघ बदलली. या रेघेपलीकडे आपलं कोणी नाही, असं तोफखान्याला कळवलं गेलं. पण एका तुकडीला ती नवी रेघ पोचलीच नव्हती. आपल्याच तोफांनी आपलीच दोन मुलं गेली.

"चौकशीचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, संपर्कातली त्रुटी. नाव कोणाचंच नाही," ते म्हणाले. "मी दोन्ही घरी गेलो. पहिल्या घरी वडिलांनी दार उघडलं, मला बघितलं आणि लावून घेतलं. दुसऱ्या घरी आईनं चहा दिला. म्हणाली, निरोप पोचला की नाही हे बघणं कोणाचं काम होतं? मी म्हणालो, माझं. ती म्हणाली, एवढं एक वाक्य त्या सगळ्या कागदांत कुठेच नव्हतं."

"मग तुमची बढती?"

"ते वाक्य मी वरिष्ठांनाही लिहून कळवलं. दोन वर्षं मला कोणी विचारलं नाही. नंतर युद्धाच्या तोंडावर अचानक डिव्हिजन दिली. ज्यांनी दिली त्यांना मी विचारलं, मलाच का? म्हणाले, काही बिघडलं तर कोणाला जाब विचारायचा हे आम्हाला आधीच माहीत असेल, म्हणून."

काय करावं, हे त्यांनी मला एका शब्दानंही सांगितलं नाही. फ्रेम पुढे ओढली आणि म्हणाले, "चला. आज पंचवीस पावलं."

दुसऱ्या दिवशी मी आजींच्या घरी गेले. त्यांचा मुलगा दारातच कडाडला, आणि त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, "रोटा मी लावला होता. तुमच्या आईचं नाव माझ्या हातून गळलं." आतून आजींचा आवाज आला, "तिला आत येऊ दे. निदान कोणीतरी आलं." रिपोर्ट मी बदलून घेतला. माझ्या फाइलवर रीतसर नोंद झाली, ती अजून आहे. टीम लीड मात्र मीच राहिले. आणि टीममधली माणसं आपल्या चुका त्याच दिवशी माझ्यापाशी येऊन सांगायला लागली. हे मला मागूनही मिळालं नसतं.

वसंतात जनरलसाहेब काठी टेकत कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपर्यंत चालले. माझ्या हिशेबानं काम संपलं होतं. तिथल्याच बाकावर डिस्चार्जच्या कागदावर सही करताना मी म्हटलं, "तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, त्याबद्दल आभार मानायचे राहिलेत."

"मी काय केलं? एक जुनी गोष्ट सांगितली."

"ती कोणालाही सांगत नाही तुम्ही, असं वाटतं. तुमच्या मुलीलाही माहीत नसावी."

ते जरा लाजले. समोरून बस येत होती. "मग तिला सांगायला हवी," ते म्हणाले. "या रविवारी येतेय ती."