बिनआग्रहाचं ताट

आमचे हे अंगानं भरलेले आहेत, असं मी चारचौघींत म्हणत असे. खरं म्हणजे ते जाड होते, आणि ते माझ्या हातानं झाले होते. लग्नात इतके किडकिडीत होते की माझ्या आत्यानं विचारलं होतं, "जावई देवीचा पुजारी हाय का उपाशी?" ते बोलणं मला लागलं आणि मी कामाला लागले. तुळजापुरात पुजाऱ्याच्या घरी खाण्याला तोटा नसतो. नवस फेडायला येणारे यजमान शिधा आणून देत, पुरणपोळीचा नैवेद्य आमच्या चुलीवर होई, देवीला दाखवून आला की पहिलं ताट पुजाऱ्याचं. पुजारी तृप्त होऊन उठला म्हणजे नवस पोचला, अशी लोकांची समजूत. खाणं हा ह्यांच्या कामाचा भाग होता आणि वाढणं माझ्या.

माझा आग्रह गावात नावाजलेला होता. आमच्याकडं पहिलं 'नको' म्हणजे रीत, दुसरं म्हणजे भीड. ताटावर आडवा हात आला तरच ते खरं 'नको' धरायचं, आणि मी तर त्या हाताखालूनही पोळी सरकवत असे. पोळीवर तुपाची धार धरून "एवढी माझ्यासाठी" म्हटलं की हे मुकाट्यानं खात. त्याचा मला अभिमान होता, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मग एका वर्षी पूजेची पाळी ह्यांची असताना, देवळातून महाद्वाराकडं चढून येताना हे अर्ध्या पायऱ्यांवर बसले. घाम आला, श्वास लागला. हातातलं पूजेचं ताट ह्यांच्या चुलतभावानं घेतलं. संध्याकाळी तो घरी आला आणि फार मायेनं म्हणाला, "दादा, पुढच्या पाळीला तुम्ही घरीच बसा. आमी बघतो." ह्यांनी मान हलवली. तो गेल्यावर मला म्हणाले, "पाळी सुटली तर म्या पुजारी कशाचा?" मी चुलीशी काहीतरी खुडबुडत राहिले, कारण उत्तर माझ्याच परातीत होतं.

सोलापूरला डॉक्टरकडं गेलो. त्यांनी ह्यांना काट्यावर उभं केलं, छाती तपासली आणि स्वच्छ सांगितलं: काळजावर ताण येतोय, वजन उतरलं पाहिजे, पण झटक्यात नाही. उपासतापास नकोत. जे जन्मभर निभेल तेच खा, आणि रोज चाला. त्यातलं वजन उतरवायचं तेवढं मी लक्षात ठेवलं, बाकीचं सोलापूरलाच राहिलं. घरी येऊन ह्यांना उपास लावले. मंगळवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी. दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, तुपातली रताळी, वर राजगिऱ्याचा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण मीच दुसऱ्यांना ऐकवत होते, माझ्या घरात ती कधी येऊन बसली ते कळलं नाही. पुढच्या खेपेला काटा वर गेलेला. उपासाला काय खाता, असं डॉक्टरनं विचारलं आणि मी अभिमानानं सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. परतीच्या एसटीत मी ह्यांच्याकडं बघू शकले नाही. देवीच्या नावावर मी माझ्या नवऱ्याला मरणाकडं ढकलत होते.

त्यानंतर मी शहाणी झाले, म्हणजे मला तसं वाटलं. ज्वारीची दीड भाकरी, चुक्याची नाहीतर अंबाडीची भाजी, पातळ वरण, मुळा, ताक. नैवेद्याच्या दिवशी एकच पुरणपोळी, तीही प्रसाद म्हणून. बाकीच्या पोळ्या हे स्वतःच्या हातानं यजमानांच्या लेकरांना वाढत, त्यामुळं नवस करणाऱ्यांचंही समाधान होई. आणि मी आग्रह बंद केला. पण ह्यांना न सांगता. हे सवयीनं भाकरीला "पुरे" म्हणत आणि मी तो शब्द खरा धरून टोपली झाकून ठेवी. हे क्षणभर माझ्याकडं बघत आणि हात धुवायला उठत.

महिना गेला तरी वजन हलेना. एके दिवशी ह्यांच्या अंगातली कोपरी धुवायला घेतली तर खिशात पेढ्याचा चुरा. मी भडकले. तुमच्यासाठी मी जीव टाकते आणि तुम्ही दुकानात उभे राहून पेढे खाता, असं बरंच बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मला वाटलं, तू माझ्यावर रुसलीस. पायरीवर बसलेला नवरा तुला नकोसा झाला. आपल्या घरात कोण कुणाला वाढायचं थांबतं का?" माझा राग तिथंच विरला. एवढी वर्षं माझी माया ह्यांना फक्त वाढण्यातून कळली होती, दुसरी भाषा मी शिकवलीच नव्हती.

मग आम्ही ठरवलं. जे लागेल ते एकदाच ताटात वाढायचं. भूक राहिली तर हे तोंडानं मागतील, मी मागं लागणार नाही. इथं भीड नाही. ते निभलं. यजमानांकडं जेवण असलं की नेम सुटे, दिवाळीत तर सुटलाच, पण दुसऱ्या दिवशी आम्ही परत दीड भाकरीवर येत असू. रोज पहाटे हे घाटाच्या वाटेनं चालून येत. कोपऱ्या हळूहळू सैल झाल्या. वर्षभरानं पाळी आली तेव्हा ह्यांनी पूजेचं ताट स्वतः वर आणलं, न बसता. चुलतभावाला मी त्या दिवशी मुद्दाम जेवायला बोलावलं.

इथंच थांबले असते तर बरं होतं. पण मला उपदेशाची चटक लागली. शेजारणींना सांगू लागले की आग्रह म्हणजे अडाणीपणा, माणसाच्या 'नको'ला मान द्यावा. आल्यागेल्यालाही मी तसंच एकदा वाढून मोकळी होऊ लागले.

त्याच सुमाराला धान्याची टंचाई होती. पाऊस गेला होता, रेशनवर परदेशातली तांबडी ज्वारी मिळे, तिला मिलो म्हणत. आम्हाला शिध्यामुळं झळ कमी लागली. एका दुपारी जळकोटहून माझा धाकटा भाऊ आला. देवीच्या पाया पडायला आलो, म्हणाला. वाळला होता, पण उन्हातान्हात राबणारा माणूस, मला त्यात काही वाटलं नाही. ह्यांच्याबरोबर पाट मांडला, दोघांना सारखंच वाढलं. दीड भाकरी, भाजी, वरण, मुळा, ताक.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"चाललंय. मिलो मिळतोय रेशनवर. पोरं कडू तोंड करत्यात."

ताट संपल्यावर मी म्हटलं, "आणखी वाढू?"

"नको अक्का, लई झालं."

मी ह्यांच्याकडं बघून हसले. "बघा, माझा भाऊ. किती मोजकं जेवतो." भावानंही हसून मान खाली घातली. मग पाणी प्यायला आणि एसटी चुकेल म्हणून निघाला.

ताटं उचलताना माझा हात थांबला. ह्यांच्या ताटात भाजीचा देठ, मुळ्याची चकती राहिली होती. भावाचं ताट घासल्यासारखं होतं. कडेचं मीठसुद्धा बोटानं पुसून खाल्लेलं. बहिणीच्या सासरी भाऊ हात राखूनच जेवतो, तीनदा म्हटल्याशिवाय भाकरीला हात लावत नाही, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून मी हेच बघत आले होते. हे म्हणाले, "त्याला भूक होती गं." मी आधीच टोपलीतल्या भाकऱ्या फडक्यात बांधत होते.

स्टँडवर गाडी लागलेली होती. तो खिडकीशी बसला होता. मी खालूनच गाठोडं वर दिलं आणि म्हटलं, "आत्ता खा. माझ्यासमोर खा."

त्यानं फडकं उघडून बघितलं. भाकऱ्यांवरनं एकदा हात फिरवला आणि परत गाठ मारली.

"खा की रे," मी म्हटलं. "एक तरी."

"तिथं ताटात वाढली असतीस तर खाल्ली असती, अक्का. आता ह्या लेकरांच्या झाल्या."

मी आणखी दोनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यानं गाठोड्यावर हात आडवा धरला, आणि तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली.