उपाशी बाटल्या

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत एक टॉवेल, नोंदवही, पायजमा आणि बोटभर उंचीची एक काचेची बाटली होती. बाटलीत मिथिल युजेनॉल होतं. नाव दणदणीत असलं तरी वस्तू साधी आहे. कार्बनचे अकरा अणू, हायड्रोजनचे चौदा आणि ऑक्सिजनचे दोन, एवढाच संसार. थोडंफार तुळशीतही असतं. माणसाला त्याचा वास लवंगेच्या आसपासचा वाटतो आणि तो आपल्या कामाला लागतो. फळमाशीच्या नराला मात्र हा वास आला की त्याला घरदार आठवत नाही. तो थेट सापळ्याच्या बाटलीत शिरतो आणि तिथंच संपतो. नर संपले की माद्यांची अंडी फुकट जातात आणि मोसंबीत अळ्या होत नाहीत.

अडचण एकच. मराठवाड्याच्या उन्हात हे द्रव्य आठ-दहा दिवसांत उडून जातं. ते धरून ठेवणारा एक लगदा बनवण्यात माझी तीन वर्षं गेली होती. आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, मोजकं बोलतात. निघताना ते म्हणाले, "वासाच्या दहा बाटल्या आणि कोऱ्या दहा. दोन्हींचे आकडे आण. कोऱ्यांशिवाय आकडे आणलेस तर प्रकल्प बंद. वरून तसं कळवलंय."

तीन आठवड्यांपूर्वी मी मंठ्याच्या अलीकडे उत्तमरावांच्या मोसंबीच्या बागेत वीस बाटल्या टांगून आलो होतो. लाल दोऱ्याच्या दहांत माझा लगदा, पांढऱ्या दोऱ्याच्या दहांत काहीच नाही. सांडलंलवंडलं तर असू द्यावी म्हणून थोड्या द्रव्याची एक बाटली त्यांच्याकडे ठेवली होती. आता फक्त माश्या मोजायच्या होत्या. इतकं सोपं काम माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

जालन्याला सकाळी उतरलो आणि मंठ्याची एसटी धरली. बॅग मांडीवर होती. रामनगर मागे पडल्यावर पोटाशी ओलं लागलं. पाण्याची बाटली गळली असेल असं वाटलं. मग आठवलं की मी पाण्याची बाटली घेतलीच नव्हती. काचेच्या बाटलीचं बूच सैल झालं होतं आणि माझा चौकड्यांचा नवा सदरा छातीपासून कमरेपर्यंत भिजला होता.

पहिली माशी एका मोसंबीच्या बागेजवळच्या थांब्यावर आली. पुढच्या थांब्याला पंधरा-वीस आल्या. वाटूर जवळ आलं तेव्हा माझ्या सदऱ्याचे चौकडे दिसेनासे झाले होते. शेजारच्या फेटेवाल्या बाबांनी बराच वेळ नीट निरखून पाहिलं.

"चावत्यात का?"

"नाही. निरुपद्रवी आहेत. सगळे नर आहेत."

"नरच?" बाबा विचारात पडले. "मंग माद्या काय करून राह्यल्या?"

"फळांत अंडी घालताहेत."

"म्हंजी काम त्या करून राह्यल्या, अन् हे वासामागं हिंडून राह्यले." त्यांनी मागच्या बाकावरच्या आपल्या बायकोकडे एकदा पाहिलं आणि तो विषय तिथंच सोडला.

वाटूर फाट्याला कंडक्टरने मला अदबीने खाली उतरवलं. "साहेब, मान्सं घाबरून राह्यले. तुम्ही मागच्या गाडीनं या. न्हाई तर त्याच्या मागच्या." हॉटेलवाल्याने चहा दिला, पण पन्नास पावलं लांब आणून दिला, कारण त्याची गिऱ्हाइकं भजी खात होती. खूश झाला तो फक्त पेरूचा गाडीवाला. त्याच्या गाडीवरच्या झाडून साऱ्या माश्या उठून माझ्याकडे आल्या होत्या. त्याने मला दोन पेरू फुकट दिले आणि रोज कितीच्या गाडीने येता ते विचारलं. मला रडू यायचंच बाकी होतं. मी उत्तमरावांना फोन केला.

उत्तमराव मोटारसायकल घेऊन आले. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. फक्त म्हणाले, "घट्ट धरा. जल्दी जल्दी नेतो, म्हंजी मागं पडतील."

मागे पडल्या. पण बागेत त्यांचे भाऊबंद होतेच.

बाग बघून मात्र मी सदरा विसरलो. मागच्या वर्षी याच झाडांखाली सडक्या फळांचा थर होता आणि उत्तमराव घमेली भरभरून ती पुरत होते. या वेळी जमीन स्वच्छ. फांद्या फळांनी वाकलेल्या, एकावरही डंखाचा डाग नाही. माझा लगदा चालला! मी लाल दोऱ्याची पहिली बाटली उघडली. तळाशी मूठभर जुन्या, वाळक्या माश्या. लगदा खडखडीत वाळलेला. दुसरी, तिसरी, तीच गत. आठ-दहा दिवसांतच त्याने मान टाकली होती.

मग सहज म्हणून पांढऱ्या दोऱ्याची, कोरी बाटली काढली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. वरच्या माश्या अजून पाय हलवत होत्या.

कोऱ्या बाटलीत माश्या येणं म्हणजे रिकाम्या हंडीत भात शिजणं. मी खाली बसलो. तोवर उत्तमरावांच्या पत्नी गयाकाकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. ठेंगण्या, ठसठशीत, डोक्यावर पदर.

"काकू, या बाटल्यांत कुणी काही घातलं का?"

"मी घातलं की," त्या आनंदाने म्हणाल्या. "तुम्ही गेल्ते अन् मी दुसऱ्या दिवशी बघून राह्यले, तर दहा झाडायला वाढलेलं अन् दहा झाडं तशीच. म्हन्लं साहेब गडबडीत इसरले. पंक्तिभेद कसा करावा? एकाच बागेतली लेकरं हायेत. तुमची ती बाटली होती, त्यातलं घातलं."

"पण ती बाटली एवढ्यांना पुरली कशी?"

"पुरतीय कुठं! करडईच्या तेलात कालवलं. घरच्या घाण्याचं हाय, शुद्ध. कापसाचे बोळे केले अन् दिले."

मी डोकं धरलं. तरीही एक आशा होती. शेजारची बाग! तिथं काही टांगलेलं नव्हतं, तिथल्या फळांशी तुलना करता आली असती.

"तिकडं बी दिलं," काकू म्हणाल्या. "वाणवळा (नवी वस्तू घरात आली की शेजाऱ्यांना पाठवायचा वाटा) नको का द्यायला? त्यायच्याकडून हुरडा येतो, आपुन तसंच खायचं का? चौघायच्या बागंत पोचवलं. बोळे जास्तीचे घातले, लोक नावं ठेवतील म्हनून."

म्हणजे डोळ्यांना दिसेल तिथवर एकही झाड कोरं राहिलं नव्हतं. तीन आठवडे झाले तरी करडईच्या तेलातलं द्रव्य उडालं नव्हतं. तेलाने त्याला धरून ठेवलं होतं. मी जे तीन वर्षं शोधत होतो ते काकूंनी पदर खोचून एका सकाळी केलं होतं आणि ते सिद्ध करायला जगात एक रिकामी बाटली शिल्लक ठेवली नव्हती. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांचे पाय धरावेसेही वाटले. दोन्ही एकदम वाटल्यामुळे मी नुसता तांब्या रिकामा केला.

फळं उतरायला अजून महिना होता. जुन्या बाटल्या काढून नव्याने दहा-दहा टांगल्या तर आकडे मिळाले असते. मी काकूंना समजावून सांगितलं: दहांत द्रव्य आणि तेल, दहांत नुसतं तेल. एकाला मिळतं, एकाला मिळत नाही, म्हणून फरक दिसतो. शास्त्र असंच चालतं.

"म्हंजी दहा झाडं उपाशी ठेवायची. फळं सडली तरी बघत बसायचं."

"हो."

"बरं," एवढंच म्हणून त्या चुलीकडे गेल्या.

दुपारी शेडमध्ये पंगत बसली. पाहुणा आला म्हणून वाणवळ्याचे चारही शेजारी बोलावले होते. माझा सदरा काढून घेऊन मला उत्तमरावांचा पांढरा सदरा दिला होता. त्यात माझ्यासारखे दोन बसले असते. पुरणपोळी होती, तूप होतं, येसर (भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ) घालून केलेली आमटी होती. काकू वाढत आल्या. उत्तमरावांना पोळी, पहिल्या शेजाऱ्याला पोळी, दुसऱ्याला पोळी, मग मला ओलांडून पलीकडच्याला पोळी. माझ्या ताटात मीठ आणि लिंबाची फोड. मला वाटलं, गरम पोळी येत असेल. दुसरी फेरी आली. तीही मला ओलांडून गेली.

उत्तमराव ताटात बघत होते. शेजाऱ्यांचे घास हातात थांबले. मी सकाळपासून दोन पेरूंवर होतो आणि आमटीचा वास थेट नाकात शिरत होता. खरं सांगायचं तर भुकेपेक्षा लाज जास्त वाटली. माझं काय चुकलं, हेच मी शोधत राहिलो.

"काकू, माझं ताट..."

"तुम्ही उपाशी बाटली," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "बघून राह्यले काय फरक पडतो ते. दिसला का?"

"दिसला," मी म्हणालो.

मग त्यांनी मला पोळ्या अशा वाढल्या की चौथ्या पोळीला मी हात आडवा केला आणि पाचवी हातावर पडली. शेवटी त्याच म्हणाल्या, "टांगा दहा उपाशी. तुमची नोकरी हाय, कळतंय मला. पन तुमच्या हातानं टांगा. माझ्या हातानं व्हनार न्हाई."

आता द्रव्य कुठून आणायचं हा प्रश्न होता. सगळं माझ्या सदऱ्यात होतं. उत्तमरावांनी तो दोन बाजूंनी धरला आणि काकूंनी कात्री चालवली. नवा सदरा होता, दिवाळीला पुन्हा घालायचा म्हणून जपलेला. बाह्या कोरड्या निघाल्या. भिजलेल्या भागाचे अकरा तुकडे झाले आणि ते करडईच्या तेलात बुडवले.

दहा वासाच्या बाटल्या पटापट झाल्या. मग उपाशी दहा घेऊन निघालो. काकू मागे चालत होत्या. नऊ टांगल्या. दहावं झाड विहिरीजवळचं, माझ्या खांद्याएवढं. त्याला पहिल्यांदाच फळं धरली होती, मोजून सात.

"ही पहिलटकरीण हाय," काकू म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

अकरावा तुकडा, खिशाचा, माझ्या हातात होता.

परतताना काकूंनी टॉवेल-टोपी, मोसंबीची पिशवी आणि घाण्याच्या तेलाची बाटली दिली. एसटीत त्या ढगळ सदऱ्यात बसून आलो. एकही माशी आली नाही आणि खरं तर थोडं चुकल्यासारखं वाटलं. प्रवासात माणूस दुसऱ्याचं काहीतरी पाहून येतो म्हणतात. मी दुसऱ्याच्या पंगतीत बसून माझंच रिकामं ताट पाहून आलो होतो.

महिन्याने उत्तमरावांनी मोजून आकडे पाठवले. वासाच्या दहाही बाटल्या गच्च, उपाशी बाटल्यांत नावापुरत्या माश्या. सरांनी कागद दोनदा वाचला.

"उपाशी म्हणजे?"

"कोऱ्या, सर."

"नऊच आहेत. दहावी?"

"तिला उपाशी ठेववलं नाही, सर."

मी सगळं सांगितलं, पंगतीसकट. सरांनी कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तेल कुठलं?"

"करडईचं. घाण्याचं."

"प्रमाण?"

"काकू म्हणतात, अंदाजानं."

सरांनी चष्मा काढून पुसला. "नऊवर मी आणखी एक हंगाम मागून घेईन. पण पुढच्या वेळी कोऱ्या बाटल्या टांगायला मी स्वतः येणार. तुझं मन घट्ट नाही."

संध्याकाळी मी काकूंना फोन करून तसं कळवलं. सर फार कडक आहेत, ते एकही झाड सोडणार नाहीत, हेही सांगून ठेवलं.

"येऊ द्या की," काकू म्हणाल्या. "आधी जेवायला बसवते त्यायला."