सोइलाने नावं ठेवलेले चरखे

सोइला काचिमुएलच्या तोंडाला पेगुचे नावाचं सगळं गाव टरकून असे. मुलाने ओतावालोच्या बाजारातून दोन नवे चरखे आणले, एक पायाचा आणि एक विजेचा, तेव्हा तिने लगेच बाह्या सरसावल्या.

तिचा जुना चरखा चांगला पुरुषभर उंच. एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने लोकर ओढत ओसरीभर मागे मागे जायचं. नव्यांपैकी पायाने चालवायच्या चरख्यापाशी ती बसली आणि लगेच उठली. "सूत बरं निघतं, पण बसून बसून कंबर धरते."

मग तिने विजेच्या चरख्याचं बटण दाबलं. "याला चालायला नको, की पाय हलवायला नको. लंगड्यापांगळ्यांनीच..." बोलता बोलता तिने बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चरखा आणि लोकर शालीत बांधून, पाठीवर घेऊन ती थोरल्या जावेकडे, त्रान्सितोकडे गेली. मागे एकदा बस उलटली तेव्हा त्रान्सितोचे पाय गेले होते. त्याआधी तिच्याइतकं बारीक सूत गावात कुणी काढत नसे.

"दया दाखवायला आलीस?" त्रान्सितो खाटेवरून गुरकावली.

"दया करायला मी काय पाद्री आहे? मागावरच्या पोंचोला सूत कमी पडतंय. धरा ही लोकर."

त्रान्सितोची बोटं आधी लोकरीत अडखळली, मग जुनी वाट सापडल्यासारखी सरसर चालू लागली. दुपारी सोइलाने धागा उजेडात धरला. तिच्या स्वतःच्या सुताहून तो बारीक होता.

"जाडच आलंय," ती म्हणाली. "उद्या नीट काता, जाऊबाई. मी येणार आहे बघायला."