चपलांपाशी अलकाताई

आमच्याकडे चार माणसं जमली की देवीच्या टेकडीची गोष्ट निघते, आणि ती निघाली की माझं डोकं फिरतं.

सुरुवात करतो प्रणव, माझा चुलतभाऊ. "भिया, क्या दिन थे यार! नवरात्रात अनवाणी टेकडी चढायची, वर कठड्याशी उभं राहून प्रसादाचे गोड चिरौंजीदाणे खायचे. पूरा देवास दिसायचा! आपण हात हलवायचो, सगळ्या शहराला!" मग त्याची बहीण वैभवी कचोरीवाल्याची नक्कल करते, सगळे पोट धरून हसतात, आणि माझी थोरली बहीण अलका आत पोळ्या लाटत असते. त्या गोष्टीतही ती कुठे नसते, कारण ती आमच्याबरोबर वर आलेलीच नसायची.

ती खाली चपला राखायची. एका नवरात्रात प्रणवचे नवेकोरे बूट गेले, तेव्हा अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, फर्मान काढलं की यापुढे पायथ्याशी कुणीतरी बसायचं. कुणीतरी म्हणजे अलकाताई, हे कुणी न बोलताच ठरलं. परकरपोलक्यातली ती मुलगी लिंबाखाली चपलांच्या जोड्या लावून बसली ती बसलीच. पुढे आम्ही शिकलो, पुण्या-इंदूरला नोकऱ्यांना लागलो, तरी नवरात्रात आलो की चपला तिच्याच हवाली.

अण्णा कारखान्यातल्या नोकरीसाठी सांगलीहून देवासला आले होते. आईला दमा. ताईनं बारावीनंतर शिक्षण सोडलं, बालवाडीत शिकवू लागली, आईचं सगळं केलं आणि आई गेल्यावर अण्णांचं करत राहिली. लग्नाचं विचारलं की "बघू गं" म्हणून विषय टाळायची. मला तिचा भयंकर राग यायचा. एकदा तरी भांड की बाई, एकदा तरी नाही म्हण!

दोन हजार सातच्या नवरात्रात सगळे जमले, तेव्हा मी पायथ्याशी पोचताच जाहीर केलं, "यंदा चपला मी राखणार. ताई वर जाईल."

"अगं देवू, तू इतक्या लांबून आलीस, तू जा. मी काय, इथलीच."

"इथलीच आहेस, तर त्या कठड्याशी कधी उभी राहिलीस सांग."

ती लिंबाखाली जाऊन बसली. एरवी ती टेकडीवर जायची, नाही असं नाही. पण बालवाडीतून परतताना, घाईघाईत. दर्शन घेतलं की उतरायची, कारण घरी अण्णांच्या चहाची वेळ झालेली असायची.

"राहू दे तिला," अण्णा म्हणाले. "तिला सवय आहे."

"सवय लावली कुणी, अण्णा?"

इतकं मोठ्यानं बोलायचं नव्हतं मला. प्रणव उगाच बुटाची नाडी सोडत बसला. अण्णा काठी टेकत नारळवाल्याच्या बाकाकडे निघून गेले.

"कशाला गं भांडतेस?" ताई समजूत घालू लागली. "मला इथून फांद्यांमधून वरचा कठडा छान दिसतो. तुम्ही तिथे आलात की मी हात करते, तुम्हीही करता की. मला तेवढं पुरतं."

तेवढं पुरतं! मी तिला खांद्याला धरून उठवलं आणि अक्षरशः पायऱ्यांकडे ढकललं. "वैभवी, ने हिला. कठड्याशी उभी कर, आणि लगेच उतरू देऊ नकोस."

मी लिंबाखाली तिच्या जागी बसले. सावली होती, पण कंटाळा किती! येणारेजाणारे चपला तुडवत होते आणि एक बाई मला दुकानवाली समजून उदबत्तीचा भाव विचारून गेली. हे ताई दरवर्षी करायची, हसतमुखानं. मला अर्ध्या तासात रडू यायला लागलं.

मग फांद्यांमधून कठड्याशी तिची निळी साडी दिसली. मी उठून हात हलवला. तिचं लक्ष नाही. ओढणी हलवली, शेवटी प्रणवचा बूट उंच धरला. ती डोळ्यांवर आडवा हात धरून खाली बघत होती आणि हात काही करत नव्हती. एवढं भांडून वर धाडलं, तर हिला माझ्याकडे बघताही येऊ नये? मी चडफडत खाली बसले.

बऱ्याच वेळानं ती उतरली. प्रसाद माझ्या हातावर ठेवला आणि शेजारी टेकली.

"दिसला का कठडा? झालं समाधान?" मी अजून घुश्शातच होते. "मी एवढे हात हलवतेय, तुझं लक्षच नाही."

"शोधत होते गं तुला. खूप वेळ शोधलं." ती लिंबाकडे मान वर करून बघत राहिली. मग खाली वाकून विस्कटलेल्या चपला जोडीनं लावू लागली. "प्रणव म्हणतो ते खरं आहे. वरून सगळं देवास दिसतं. ही जागा तेवढी दिसत नाही."