दरबारी चांदव्याच्या वर

आमच्या कुंभकोणमच्या घरी माजघरात तुळईखाली एक रेशमी चांदवा ताणलेला असे. तो तंजावरच्या दरबारातून आलेला, असं वडील सांगत. दरबार संपून शंभरेक वर्षं होत आली होती, पण चांदव्याला ते कुणी कळवलं नव्हतं. त्याच्या एका कोपऱ्यात तपकिरी डाग होता. तो दरबारात शिंपडलेल्या अत्तराचा, असं पाहुण्यांना सांगितलं जाई. डाग दर पावसाळ्यानंतर मोठा होई. अत्तर असं वाढतं का, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

पन्नास सालानंतर केव्हातरी अक्का बाळंतपणाला माहेरी आली. आमच्याकडे बारशाचा पाळणा त्याच तुळईच्या कडीला टांगत. कडी चांदव्याच्या भोकातून खाली येई. ऐप्पसी महिन्यातला, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस लागून राहिला होता. बारशाच्या सकाळी पाळणा बांधून झाला, आणि आतल्या दुपट्यावर मला ओला भुसा दिसला. झटकला. थोड्या वेळाने पाहिलं तर पुन्हा तेवढाच.

शिडी लावून चांदव्याची कड सोडली आणि वर हात घातला. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं, तिथे लाकूड लागलंच नाही. भिजलेल्या पोह्यांसारखं काहीतरी हाताला लागलं. आधी अंगठा आत गेला, मग सगळी बोटं. वर अर्ध्या छपराच्या कौलांचा भार होता. उतरताना मी एकेक पायरी हळू टेकली. पाऊल जोरात पडलं तर सगळं खाली येईल असं वाटत होतं.

वडिलांना हळूच सांगितलं. पाहुण्यांदेखत चांदवा उतरवणं शोभत नाही, असं ते म्हणाले. आणि बाळाचं ओझं ते केवढं.

अक्का दारात उभी होती. तिने मला एवढंच विचारलं, "हात कुठवर गेला?"

मी मनगट दाखवलं.

ती बाळाला घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तिला आत बोलवायला निरोप गेले, मामी गेली, शेवटी भटजी गेले. ती हलली नाही. पावसाचे शिंतोडे अंगावर घेत बारसं ओट्यावरच झालं.

मग तिरुवलंचुळीहून सुतार आणला. चांदवा सोडताच त्यातून कौलांच्या कपच्या आणि काळं पाणी कोसळलं. टेकू ठोकताना प्रत्येक घावाला तुळई कण्हत होती आणि आम्ही भिंतीला पाठ लावून उभे होतो. कुजलेलं टोक कापून सागाचा नवा तुकडा सांधला, फुटकी कौलं बदलली.

तरी अक्का बाळाला आत आणीना. शेवटी वडिलांनी अंगवस्त्र काढून ठेवलं, कडीला दोर बांधला, तो दोन्ही हातांनी धरला आणि ते त्याला लोंबकळले.

अक्का उंबऱ्यातून पाहत होती. "अप्पा, पायाचे अंगठे टेकलेत. उचला."

त्यांनी डोळे मिटून गुडघे मुडपले. आम्ही सांध्याकडे पाहत राहिलो. काही वाजलं नाही.

"अजून थोडा वेळ," अक्का म्हणाली.