नावेपुढच्या चपला

परवा पांढुर्ण्याच्या रस्त्यावर डांबर उकळत होतं. तो वास नाकात शिरला आणि मी थेट जाम नदीच्या काठावर जाऊन उभी राहिले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरी नाव बांधायचे. तळाला डांबर, वर संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांची खोली, आत दोन बाकं, स्टोव्ह, खिडकीला माझ्या जुन्या लुगड्याचा पडदा. अख्खं गाव हसायचं.

नदी भरली तशी नाव पाण्यात उतरवली आणि ती चक्क तरंगली! कोण कुठले अनोळखी लोक बघायला धावले. एक म्हातारी आत डोकावून ओरडली, "माय व, याच्यात तं सैपाकघर बी हाये!" दार दिसलं म्हणून जो तो काठावर चपला काढूनच आत शिरत होता. हे कौतुकाने सगळं दाखवत होते. इतक्यात काठाला बांधलेला दोर सुटला. आतून कोणीतरी ओरडलं,

"मास्तर, घर चालून राहिलं ना जी!"

नाव डुलत डुलत पलीकडे सावरगावच्या काठाला लागली. सगळे हसत, अनवाणी उतरले. अलीकडे मी एकटी, चपलांच्या ढिगाशी.

चरफडत चपला गोळा करताना तुटक्या अंगठ्याचा ओळखीचा जोड हाती आला, यांचाच. रोज चपलांसकट माझ्या स्वयंपाकघरात शिरणाऱ्या माणसाने नावेत चढताना मात्र त्या काढल्या होत्या!

तेव्हा भयंकर चिडले होते. आता वाटतं, त्या दिवशी मीही चपला काढून आत जायला हवं होतं.